पाने हलकी पडतात तेव्हा

राजाघाट आणि एक जुना प्रश्न

काशीस केदारघाट आणि दशाश्वमेधघाट यांच्या दरम्यान गंगेच्या काठी जो राजाघाट आहे, त्याचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. पेशव्यांच्या आश्रयाने तो प्रथम बांधला गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमृतराव पेशवे यांनी त्याचे दगडी बांधकाम करविले. त्यामुळे पूर्वी तो अमृतराव घाट या नावानेही ओळखला जात असे. घाटाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या यात्रेकरूंपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते की, ज्याचे नाव या घाटास मिळाले तो पुरुष पुण्याची गादी जवळून पाहून आणि सोडून येथवर आला होता.

अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र होत. वयाने ते ज्येष्ठ होते. परंतु पुढे दुसरा बाजीराव हा औरस पुत्र जन्मास आल्यामुळे गादीवरील त्यांचा हक्क दुबळा ठरला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ बाजीराव व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, बाजीराव पुणे सोडून गेले आणि पुण्याचा कारभार अमृतरावांच्या हाती आला. ही अनुकूलता फार काळ टिकली नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी इंग्रजांशी वसईचा तह केला आणि मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या बळावर ते पुन्हा गादीवर बसले. तोपर्यंत होळकर उत्तरेकडे निघून गेले होते. फौज थोडी, हक्क कच्चा आणि सोबती दूर, अशा स्थितीत अमृतरावांनी त्याच वर्षी इंग्रजांशी बोलणी केली, मोठी वार्षिक नेमणूक पदरात पाडून घेतली आणि उरलेले आयुष्य उत्तर हिंदुस्थानात घालविले. १८२४ मध्ये त्यांचा अंत झाला. इकडे बाजीराव खेळत राहिले आणि १८१८ मध्ये सर्व राज्य गमावून तेही गंगेच्याच काठी, बिठूरला, इंग्रजांचे वेतन घेऊन राहिले.

इतिहास हा पत्त्यांचा डाव नव्हे, आणि अमृतरावांच्या निर्णयाचे मोल ठरविणे हे इतिहासकारांचे काम आहे. तथापि हाती आलेली सामग्री दुबळी असता मनुष्याने काय करावे, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच आहे. वाट पाहावी, सोडून द्यावे, की आहे तेवढे पणाला लावावे? इतिहासात हा प्रश्न एकदाच पडतो आणि त्याचे दुसरे उत्तर करून पाहता येत नाही. पत्त्यांच्या खेळात तो हजारो वेळा पडतो, त्याचे मोजमाप करता येते आणि उत्तर चूक की बरोबर हे तपासता येते. याच कारणास्तव सतराव्या शतकापासून थोरथोर गणितज्ञांनी फासे व पत्ते यांचा अभ्यास केला. पोकर या खेळाच्या स्पर्धेत सतत हलकी पाने पडत राहिली तर शहाणा खेळाडू काय करतो, हे समजून घेणे म्हणजे संभाव्यतेच्या गणिताचा एक उपयुक्त पाठ गिरविणेच होय.

खेळाचे स्वरूप

पोकरचे अनेक प्रकार आहेत. स्पर्धांतून सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार असा : बावन्न पानांचा कॅट पिसून प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकून वाटतात. नंतर टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी मिळून पाच पाने उघडी मांडली जातात. प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक. स्वतःची दोन व मधली पाच अशा सात पानांतून उत्तम पाच पानांची जुळणी ज्याची असेल तो डाव जिंकतो. पाने वाटल्यानंतर आणि मधली पाने उघडताना प्रत्येक टप्प्यावर बोली लावण्याची संधी असते.

झब्बू, मेंढीकोट किंवा बदाम सात या आपल्या घरगुती खेळांत वाटून आलेली पाने खेळावीच लागतात. पोकरमध्ये ती टाकून देऊन त्या डावापुरते बाजूस होता येते. शिवाय सर्व प्रतिस्पर्ध्यांनी पाने टाकली तर उरलेला एकटा खेळाडू आपली पाने न दाखविताच जिंकतो. पुढील सर्व विवेचन या दोन नियमांवर उभे आहे.

स्पर्धेत प्रत्येकास आरंभी सारख्याच चकत्या मिळतात. या चकत्यांचे बाहेर पैसे होत नाहीत. त्या संपल्या की खेळाडू बाद होतो आणि शेवटी उरणारा विजयी ठरतो. कोणी नुसतेच वाट पाहत बसू नये म्हणून प्रत्येक डावात दोन खेळाडूंना पाने पाहण्यापूर्वीच सक्तीची बोली ठेवावी लागते. एकास लहान, दुसऱ्यास मोठी. ही पाळी टेबलाभोवती फिरत राहते आणि ठराविक वेळाने सक्तीच्या बोलीची रक्कम वाढविली जाते. अमेरिकेतील लास व्हेगास येथे १९७० मध्ये सुरू झालेल्या जागतिक मालिकेमुळे स्पर्धेची ही पद्धत सर्वत्र पसरली. आपल्याकडे गोव्यात पणजीजवळ मांडवीच्या पात्रातील कॅसिनो-जहाजांवरही अशा स्पर्धा भरविल्या गेल्या आहेत.

दुर्दैव किती मोठे?

खेळाडूची पहिली तक्रार असते ती ही की, ‘दोन तास झाले, एकही चांगले पान आले नाही.’ ही तक्रार किती असाधारण आहे, हे मोजून पाहिले पाहिजे.

बावन्न पानांतून दोन पाने निवडण्याचे प्रकार ५२ गुणिले ५१ भागिले २, म्हणजे १,३२६ होतात. अशी मोजणी भारतीय गणितास नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त गोड, आंबट, खारट इत्यादी सहा रसांची किती मिश्रणे होतील, असा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ६३ येते. दोन पानांची निवड हा त्याच रीतीचा हिशेब होय.

या १,३२६ प्रकारांपैकी एकाच मोलाच्या दोन पानांची जोड ७८ प्रकारे येते. म्हणजे सरासरीने सतरा डावांत एकदा. दोन एक्के येण्याचे प्रकार फक्त ६ आहेत. ती वेळ सरासरीने २२१ डावांत एकदा येते. आता समजा, एखाद्या सावध खेळाडूने दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या जोडी, एक्का-राजा आणि एक्का-राणी एवढ्यांनाच चांगली पाने मानले. जोडींचे ३० प्रकार आणि एक्का-राजा व एक्का-राणी यांचे प्रत्येकी १६, मिळून ६२ होतात. १,३२६ मध्ये ६२, म्हणजे सुमारे एकवीस डावांत एकदा.

‘एकवीस डावांत एकदा’ याचा अर्थ पुष्कळजण असा करतात की, बावीसाव्या डावापर्यंत ती पाने आलीच पाहिजेत. हा अर्थ चुकीचा आहे. एका डावात चांगली पाने न येण्याची संभाव्यता सुमारे ०.९५३ आहे. सलग एकवीस डावांत ती न येण्याची संभाव्यता काढण्यासाठी ही संख्या एकवीस वेळा गुणावी लागते आणि उत्तर सुमारे ०.३७ येते. म्हणजे शंभर खेळाडूंपैकी सदतीसजणांना एकवीस डावांत काहीच मिळणार नाही. पन्नास डावांसाठी हाच हिशेब केला तर उत्तर सुमारे ०.०९ येते. टेबलावर बसून खेळताना तासाला साधारणपणे पंचवीस ते तीस डाव होतात. तेव्हा पन्नास डाव म्हणजे सुमारे दोन तास. शंभरजणांच्या सभागृहात जवळजवळ नऊजण दोन तास हलकीच पाने उचलीत बसलेले असावेत, असे गणित सांगते. त्यांच्यावर दैवाचा विशेष कोप झालेला नसतो. असे नऊजण असणे हाच नियम आहे. ते कोण, एवढेच आधी सांगता येत नाही.

पानांना स्मृती नसते

दुसरी चूक याहून घातक आहे. पुष्कळ वेळ वाईट पाने आली म्हणजे आता चांगली येण्याची वेळ जवळ आली, असे मनास वाटू लागते. सोंगट्यांच्या पटावर पाच-सहा वेळा हलके दान पडले की, आता पौबारा पडणारच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु कॅट प्रत्येक डावापूर्वी नव्याने पिसला जातो आणि मागे काय घडले हे पानांना ठाऊक नसते. पन्नास वाईट डावांनंतरच्या एक्कावन्नाव्या डावातही चांगली पाने येण्याची शक्यता एकवीसात एक एवढीच राहते. ती कमीही होत नाही आणि वाढतही नाही.

या भ्रमाचे प्रसिद्ध उदाहरण १९१३ मध्ये मॉन्टे कार्लो येथील जुगारगृहात घडले. तेथील फिरत्या चाकावर चेंडू सलग सव्वीस वेळा काळ्या रंगावर थांबला. आता लाल येणारच, या खात्रीने लोक दर फेरीस लालवर अधिकाधिक पैसे लावीत गेले आणि फार मोठ्या रकमा गमावून बसले. चाकाने आधी काय दाखविले याचा पुढील फेरीशी काही संबंध नव्हता.

मग सरासरीचा नियम खोटा आहे काय? तसे नाही. याकोब बेर्नुली या स्विस गणितज्ञाच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा नियम सिद्ध केलेला आहे : प्रयोगांची संख्या पुष्कळ वाढविली असता चांगल्या डावांचे प्रमाण आपल्या खऱ्या संभाव्यतेजवळ येत जाते. परंतु हे घडते ते मागील तूट भरून निघाल्यामुळे नव्हे. पन्नास डावांतील तूट पाच हजार डावांच्या ढिगात क्षुल्लक ठरते, म्हणून प्रमाण सुधारते. तूट बुडते, फिटत नाही. हा भेद ज्यास समजला तो गेलेले परत मिळविण्याच्या हट्टाने खेळत नाही.

थांबण्याचीही किंमत असते

तेव्हा हलकी पाने टाकून द्यावीत आणि शांतपणे वाट पाहावी, हा पहिला उपाय होय. खेळाच्या आरंभी, जेव्हा चकत्या पुष्कळ आणि सक्तीची बोली लहान असते, तेव्हा तो योग्यच असतो. निम्मे खेळाडू बाद होतात ते चांगली पाने न आल्यामुळे नव्हे, तर कंटाळून वाईट पाने चांगली मानल्यामुळे, असे अनुभवी लोक म्हणतात. दोन तास उपाशी राहिलेल्या मनुष्यास शिळी भाकरीही पक्वान्न वाटते. तसेच पन्नास डाव पाने टाकलेल्या खेळाडूस राजा-नव्वी हे मोठे धन वाटू लागते. पानांचे मोल आदल्या पानांवरून ठरत नाही.

तथापि वाट पाहणे फुकट नसते. समजा, टेबलावर नऊ खेळाडू आहेत, लहान सक्तीची बोली १०० व मोठी २०० चकत्यांची आहे. नऊ डावांच्या एका फेरीत प्रत्येक खेळाडूस दोन्ही बोली एकेकदा ठेवाव्या लागतात. म्हणजे एका फेरीचा खर्च ३०० चकत्या. ज्याच्याजवळ ३,००० चकत्या आहेत तो काहीही न खेळता दहा फेऱ्या बसू शकतो. हातातील चकत्यांना फेरीच्या खर्चाने भागून येणारी ही संख्या फार महत्त्वाची आहे. पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमनच्या प्रसिद्ध खेळाडूच्या आद्याक्षरावरून पोकरच्या ग्रंथांत तिला ‘एम’ असे म्हणतात. मराठीत तिला ‘आयुष्यांक’ म्हणता येईल.

आयुष्यांक दहा असणे म्हणजे दहा फेऱ्यांचे निश्चित आयुष्य नव्हे. मध्यंतरी सक्तीची बोली दुप्पट झाली की तोच आयुष्यांक एकाही डावावाचून निम्मा होतो. चांगली पाने एकवीस डावांत सरासरी एकदा येतात आणि आली तरी ती जिंकतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक डावात पाने उचलण्यापूर्वी खेळाडूने स्वतःस विचारावयाचा प्रश्न असा : आपणाजवळ आणखी किती काळ आहे? आयुष्यांक वीसच्या वर असेल तर वाट पाहता येते. तो दहाच्या खाली आला की वाट पाहणे हाच सर्वांत महाग खेळ ठरू लागतो.

पानांवाचून खेळणे

मग पाने नसताना खेळावयाचे कशाच्या बळावर? येथे पोकरचा दुसरा नियम उपयोगी पडतो. सर्वांनी पाने टाकली तर उरलेला खेळाडू पाने न दाखविता जिंकतो. म्हणजे जिंकण्याचे मार्ग दोन आहेत : उत्तम पाने दाखविणे, किंवा प्रतिस्पर्ध्यास माघार घ्यावयास लावणे. पहिला मार्ग दैवाधीन आहे. दुसरा बव्हंशी खेळाडूच्या हाती आहे.

समजा, इतर सर्वांनी पाने टाकली असून केवळ सक्तीच्या बोली ठेवणारे दोघे उरले आहेत, आणि बोलण्याची पाळी त्यांच्या अगोदर बसलेल्या खेळाडूची आहे. मध्ये १०० व २०० मिळून ३०० चकत्या पडलेल्या आहेत. त्याने ४५० चकत्यांची बोली लावली. दोघांनी माघार घेतली तर त्यास ३०० मिळतात. कोणी आव्हान स्वीकारले आणि तो हरला तर ४५० जातात. हिशेब केला असता दिसते की, शंभरात साठ वेळा दोघे माघार घेत असतील तर त्याची हानी होत नाही. साठ गुणिले ३०० आणि चाळीस गुणिले ४५०, दोन्ही प्रत्येकी १८,००० च होतात. साठाहून अधिक वेळा माघार मिळाली तर त्यास हलक्या पानांवरही लाभ होतो. येथे त्याच्या पानांपेक्षा तो कोणत्या जागी बसला आहे आणि समोरचे किती सावध आहेत, याला अधिक महत्त्व आहे.

अशी हूल देणे हे केवळ धूर्तपणाचे काम आहे, अशी पूर्वी समजूत होती. जॉन फॉन नॉयमन आणि ओस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळ-सिद्धांतावरील ग्रंथात पोकरचा एक सोपा नमुना घेऊन दाखविले की, हूल हा शास्त्रशुद्ध खेळाचा आवश्यक भाग आहे. जो खेळाडू केवळ उत्तम पाने असतानाच बोली लावतो, त्याची बोली पाहताच सर्व माघार घेतात आणि त्याची उत्तम पानेही वाया जातात. जो अधूनमधून, योग्य प्रमाणात, हलक्या पानांवर बोली लावतो, त्याच्यापुढे प्रतिस्पर्ध्यास निश्चित असे काहीच उरत नाही.

सतत हलकी पाने पडलेल्या खेळाडूजवळ या कामी एक भांडवल नकळत जमलेले असते. दोन तास तो पाने टाकीत बसला आहे हे सर्वांनी पाहिलेले असते. असा मनुष्य बोली लावतो तेव्हा त्याच्याजवळ नक्कीच काहीतरी आहे, असे समोरच्यास वाटते. दैवाने पाने दिली नाहीत, पण पत दिली. ही पत एक-दोनदाच वटविता येते; वारंवार वापरली तर ती नाहीशी होते.

चकत्या कमी उरल्या म्हणजे अर्धवट बोली लावणे व्यर्थ ठरते आणि सर्वस्व पणाला लावणे किंवा पाने टाकणे, हे दोनच मार्ग राहतात. वरील टेबलावर १,५०० चकत्या उरलेल्या खेळाडूचा आयुष्यांक पाच होय. त्याने हलक्या पानांवर सर्व १,५०० लावले. शंभरात सत्तर वेळा दोघांनी माघार घेतली असे धरले तर त्यास प्रत्येक वेळी ३०० मिळतील. उरलेल्या तीस वेळा मोठी बोली ठेवणाऱ्याने आव्हान स्वीकारले, आणि त्यांपैकी शंभरात पस्तीस या प्रमाणात हा खेळाडू जिंकला, असे मानू. तेव्हा मध्ये ३,१०० चकत्या असतात. त्यांचा पस्तीस शतांश भाग १,०८५, म्हणजे आव्हान स्वीकारले गेले असता सरासरी हानी ४१५ ची. सर्व मिळून हिशेब असा : ०.७ गुणिले ३०० बरोबर २१०, त्यातून ०.३ गुणिले ४१५ म्हणजे सुमारे १२५ वजा. निव्वळ लाभ सुमारे ८५ चकत्यांचा. पाने टाकली असती तर लाभ शून्य. दुबळ्या पानांवर केलेले हे साहस अविचाराचे वाटते, परंतु गणित त्याच्या बाजूचे आहे.

हेच साहस ३०० चकत्या उरेपर्यंत लांबविले तर काय होईल? तेव्हा ज्याने २०० आधीच ठेवले आहेत त्यास केवळ १०० अधिक घालावे लागतील. तो कोणत्याही पानांवर आव्हान स्वीकारील. माघार घ्यावयास लावण्याचे शस्त्रच गळून पडलेले असेल आणि खेळाडू पुन्हा सर्वस्वी पानांच्या अधीन होईल. म्हणून जाणते खेळाडू म्हणतात की, शेवटची चकती उरेपर्यंत थांबणाऱ्याने सावधपणा केलेला नसतो. निर्णय लांबविलेला असतो. १९८२ च्या जागतिक मालिकेत जॅक स्ट्रॉस या खेळाडूपाशी एकच चकती उरली असता त्याने अखेर अजिंक्यपद मिळविले, ही कथा पोकरच्या जगात नित्य सांगितली जाते. ती सांगितली जाते याचे कारण असे क्वचितच घडते, हे होय.

चकतीचे मोल बदलते

येथवरच्या हिशेबात प्रत्येक चकतीचे मोल सारखे धरले आहे. स्पर्धेच्या अखेरीस, जेव्हा बक्षिसे जवळ येतात, तेव्हा ते तसे राहत नाही. समजा, तीन खेळाडू उरले आहेत, तिघांजवळ सारख्याच चकत्या आहेत आणि शंभर रुपयांची बक्षिसे ५०, ३० व २० अशी वाटावयाची आहेत. तिघेही सारखेच कुशल असतील तर प्रत्येकाचा अपेक्षित वाटा ३३ रुपये ३३ पैसे होईल. आता दोघांनी सर्वस्व पणाला लावले. हरणारा बाद होऊन २० रुपये घेऊन जाईल. जिंकणाऱ्याजवळ एकूण चकत्यांपैकी दोन तृतीयांश येतील. त्यास पहिले बक्षीस मिळण्याची संभाव्यता दोन तृतीयांश व दुसरे मिळण्याची एक तृतीयांश, म्हणून त्याचा वाटा ४३ रुपये ३३ पैसे होईल. म्हणजे जिंकल्यास १० रुपयांचा लाभ, पण हरल्यास १३ रुपये ३३ पैशांची हानी. जिंकण्याची संभाव्यता निम्मी असली तरी हा सौदा तोट्याचा आहे. ती शंभरात सत्तावन्नाहून अधिक असेल तरच तो पत्करावा. या साहसाचा लाभ मात्र काहीही न करता बाजूस बसलेल्या तिसऱ्यास होतो. त्याचा वाटा ३६ रुपये ६७ पैसे होतो.

तेव्हा ज्या खेळाडूने मघाशी साहस करणे योग्य होते, त्यानेच येथे थांबणे योग्य आहे. पाने तीच असतील, पण स्थिती बदलली आहे. अर्ध्यावर थांबलेल्या खेळातील पैसा न्यायाने कसा वाटावा, हाच प्रश्न १६५४ मध्ये पास्कल व फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी पत्रव्यवहारातून सोडविला आणि संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला. तीन खेळाडूंचा वरील हिशेब हे त्याच विचाराचे पुढील पाऊल आहे.

निर्णय आणि निकाल

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात नलराजा पुष्कराशी द्यूत खेळतो. दान सतत त्याच्या विरुद्ध पडत जाते, मंत्री व प्रजा विनवितात, दमयंती विनविते, पण तो उठत नाही आणि राज्य गमावतो. पुढे अयोध्येचा राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने व फळे न मोजता त्यांची संख्या सांगतो, आणि त्याच्याकडून नल अक्षविद्या व संख्याविद्या शिकतो. ती शिकल्यावरच तो पुष्करास पुन्हा आव्हान देतो. फासे आणि मोजणी यांचा संबंध इतक्या प्राचीन कथेत स्पष्ट दिसावा, ही संभाव्यतेच्या इतिहासकारांना कुतूहलाची गोष्ट वाटली आहे. नलाचे दुर्दैव फाशांत होते. त्याचा नाश मात्र पटावरून न उठण्यात होता.

खेळाडूच्या हाती निर्णय असतो, निकाल नसतो. योग्य निर्णय घेऊनही तो हरेल. मघाच्या उदाहरणात १,५०० चकत्या लावणारा शंभरात जवळजवळ वीस वेळा बाद होईल. अयोग्य निर्णय घेऊनही तो जिंकू शकेल आणि त्या जिंकण्याने त्याची चूक पक्की होईल. एका डावावरून स्वतःची परीक्षा करणाऱ्यास खेळ कधीच कळत नाही. त्या क्षणी जे ठाऊक होते त्यावरून निर्णय बरोबर होता काय, एवढेच त्याने पाहावे. शल्यचिकित्सा करणारा वैद्य, धरणाची उंची ठरविणारा अभियंता किंवा पेरणीचा दिवस ठरविणारा शेतकरी यांनाही हीच कसोटी लागू पडते.

एक इशारा

हे विवेचन चकत्यांविषयी आहे. घरातील पैशांविषयी नाही. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याने पुष्कळ असलेल्याशी अगदी न्याय्य अटींवरही खेळत राहिले तर तो जवळजवळ निश्चितपणे नागवला जातो. एकाजवळ १० रुपये व दुसऱ्याजवळ ९० असतील आणि दोघे रुपया-रुपयाने समसमान संभाव्यतेचा खेळ शेवटपर्यंत खेळतील, तर पहिला नागवला जाण्याची संभाव्यता शंभरात नव्वद आहे. जुगारगृह तर प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेते. तेथे अटी न्याय्यही नसतात. कौशल्याचा खेळ व निव्वळ जुगार यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मुंबई राज्यातून आलेल्या बक्षीस-स्पर्धांच्या खटल्यात विवेचिला आणि १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. परंतु कौशल्य असणे म्हणजे धोका नसणे नव्हे. पैसे लावून खेळावयाच्या आंतरजालीय खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला, तो अशा खेळांपायी कुटुंबे उद्ध्वस्त होत असल्याच्या तक्रारींमुळेच. संभाव्यता शिकावयाची असेल तर त्यासाठी पैशाची गरज नाही. कॅटातून दोन-दोन पाने पाचशे वेळा काढून, प्रत्येक वेळी पाने पुन्हा मिसळून, वहीत नोंद ठेवली तर जोड सुमारे तीसदा येईल आणि मध्येच चाळीस-पन्नास वेळा ती मुळीच न आलेली अशी लांबलचक ओळही बहुधा दिसेल. ज्याने ती ओळ स्वतःच्या वहीत पाहिली, त्यास तिच्यात दैवाचा कोप दिसणार नाही.

राजाघाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि पूर ओसरला की पुन्हा उघड्या पडतात. पूर किती चढेल हे कोणाच्याच हाती नसते. नाव कोठे बांधावी आणि केव्हा सोडावी, हे मात्र नावाड्याच्या हाती असते.